मुंग्यांचा फोटो निघत नाही

(बुलढाणा येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा संपादित मजकूर)



जानेवारी २०२५मध्ये आपला जिल्हा देशभर गाजला तो केसांमुळे. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत डिसेंबरच्या अखेरीपासून लोकांचे केस जाऊ लागले. आधी टाळू खाजायची, मग केस ओंजळीत यायचे आणि काही दिवसांत टक्कल पडायचं. वर्तमानपत्रांनी विषाणू सापडायच्या आधीच ‘टक्कल व्हायरस’ असं बारसं उरकून टाकलं. पाण्याचे नमुने गेले, त्यात नायट्रेट जास्त निघालं. खारपाणपट्ट्यातल्या पाण्यात ते निघालं नसतं तरच नवल. बुरशीची शंका आली, शाम्पूची आली. पण ज्यांनी आयुष्यात शाम्पू लावला नव्हता त्यांचेही केस गेले होते. मग त्वचारोगतज्ज्ञ आले, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पथकं आली, वाहिन्यांच्या गाड्या आल्या. सोयरिकी अडल्याच्या बातम्या आल्या.

महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी स्वतःच्या खिशातून पैसे घालून रक्त, लघवी, केस आणि घराघरांतला गहू तपासून घेतला. अठरा गावांतल्या २७९ रुग्णांचा हा प्रश्न होता. त्यांचा निष्कर्ष असा की रेशनवर आलेल्या, पंजाब-हरियाणाकडच्या गव्हात सेलेनियम हे मूलद्रव्य प्रमाणाबाहेर आहे. न धुतलेल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम. स्थानिक गव्हाच्या सहाशे पट. या निष्कर्षावर आक्षेपही घेतले गेले, आणि ते घेतले जावेत, कारण विज्ञान तसंच चालतं. त्या वादात मी आज पडणार नाही. त्या रुग्णांच्या लक्षणांच्या यादीकडे मात्र तुमचं लक्ष वेधतो. डोकेदुखी, ताप, टाळूला खाज, मुंग्या, काहींना उलट्या-जुलाब.

मुंग्या. एवढी बातमी झाली, पण हा शब्द कोणी मथळ्यात घेतल्याचं मला आठवत नाही. टकलाचा फोटो निघतो, मुंग्यांचा निघत नाही. मी गेली बरीच वर्षं जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागात फिजिशियन म्हणून काम करतो आहे, आणि माझ्यासमोर रोज बसणारा माणूस हा फोटो न निघणाऱ्या आजाराचा असतो. आजचा विषय तो आहे. मेंदू, मज्जारज्जू आणि नसा यांच्या दुखण्याचं कारण कसं शोधतात, ते सापडायला आपल्याकडे इतका वेळ का लागतो, आणि नाही सापडलं तर काय करायचं.

सेलेनियमचंच बोट धरून थोडं पुढे जाऊ. चीनच्या हुबेई प्रांतात एन्शी नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथे १९६१ ते १९६४ या काळात असाच प्रकार झाला. दुष्काळात भात गेला, लोक मका आणि भाज्यांवर आले. जमिनीत सेलेनियमयुक्त दगडी कोळसा झिजून मिसळलेला होता, तो पिकांतून पोटात गेला. केस गेले, नखं गेली. सर्वांत जास्त झळ लागलेल्या पाच खेड्यांत मिळून २४८ माणसं होती, त्यांतली निम्मी आजारी. आणि त्यातल्या एका खेड्यात २२पैकी १८ जणांना मज्जासंस्थेची लक्षणं होती: हातापायांना बधिरपणा, सुया टोचल्यासारखं होणं, पुढे काहींना झटके आणि लकवा. हा सगळा अभ्यास जगापुढे आला तो १९८३ साली, म्हणजे साथ ओसरल्यावर जवळपास वीस वर्षांनी. आता कल्पना करा, त्या खेड्यातल्या कोणाचे केस गेलेच नसते, नुसत्या मुंग्या आल्या असत्या, तर तिथवर कोण गेलं असतं? बोंडगावात एप्रिलमध्ये काहींची नखं गळू लागली तेव्हा पुन्हा कॅमेरे आले. हातपाय मधूनमधून बधिर होतात असं त्यांतल्या कोणी म्हटलं असेल, तर ते त्या कॅमेऱ्यात मावलं नसेल.

आता आपल्याकडचा रुग्ण कसा येतो ते सांगतो. तो ‘न्यूरोलॉजिकल लक्षणं’ घेऊन येत नाही. तो म्हणतो, ‘‘डॉक्टरसाहेब, पायात जीव नाई राह्यला.’’ बाई म्हणते, ‘‘मुंगळे चालल्यासारखं होते जी.’’ कोणी म्हणतो, गरगरतं. कोणी म्हणतो, शिरा आखडल्या. कोणी नुसतंच म्हणतो, वात आहे. यातलं एक वाक्य मला फार मोलाचं वाटतं आणि ते दर महिन्याला कानावर येतं: चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, मागून कोणीतरी आवाज देतं तेव्हा समजतं. या एका वाक्यात अर्धी तपासणी झालेली असते. पायाच्या तळव्याची संवेदना गेली आहे, हे त्या माणसाने कोणत्याही यंत्राशिवाय आपल्याला सांगितलेलं असतं. फक्त ते वाक्य बोलून होईपर्यंत डॉक्टरने थांबायला हवं.

इथे थांबतं कोण? गावात पहिली सलाईन लागते. सलाईनने मुंग्या जात नाहीत, पण दोन दिवस बरं वाटतं. मग लाल इंजेक्शन. हे लाल इंजेक्शन म्हणजे ब-बारा जीवनसत्त्व. ते गरजूला मिळालं तर अमृत, पण आपल्याकडे ते तपासणीच्या आधी देतात, आणि मग रक्त तपासलं की पातळी छान भरलेली दिसते. रिपोर्ट नॉर्मल! खरं दुखणं त्या लाल रंगाखाली झाकलं जातं. त्यानंतर तालुक्याचा दवाखाना, मग खामगाव किंवा बुलढाणा, मग अकोला, घाटावरचा असेल तर संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, आणि कोणाचा भाचा नागपूरला असेल तर नागपूर. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर. वायरच्या पिशवीत फिल्म, रिपोर्ट, औषधांची रिकामी पाकिटं. पिशवी जड होत जाते, पण आजार नेमका कधी आणि कसा सुरू झाला हे तिच्यातल्या एकाही कागदावर लिहिलेलं नसतं.

पैशाचं बोललंच पाहिजे. खाजगीत एक एमआरआय काढायचा तर सोयाबीनचा दीड-दोन क्विंटल माल जातो. २०२४-२५चा हमीभाव ४,८९२ रुपये होता, आणि मोंढ्यात त्या वर्षी तेवढा भाव कोणाला मिळाला ते तुम्ही मला सांगा. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, तिने असंख्य घरं वाचवली आहेत. पण ती मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाच्या ठरलेल्या उपचारांना पैसे देते. आजाराला नाव मिळण्याआधीच्या ज्या फेऱ्या असतात, त्या एसटीच्या तिकिटासकट माणसाच्या खिशातून जातात. ज्याला आपल्याला काय झालंय हेच माहीत नाही, त्याच्यासाठी कोणतंच पॅकेज नाही.

मज्जासंस्थेचा डॉक्टर विचार कसा करतो? हा भाग मला आवडतो, त्यामुळे थोडा रेंगाळणार आहे. तो दोन प्रश्न क्रमाने विचारतो. बिघाड कुठे आहे? आणि कशाचा आहे? क्रम उलटा झाला की घोटाळा होतो. ‘कुठे’ हे शरीरावर वाचता येतं. हातोडीने गुडघ्यावर ठोकलं आणि पाय जोरात उडाला तर बिघाड वर, मेंदूत किंवा मज्जारज्जूत. पाय हललाच नाही तर खाली, नसेत किंवा स्नायूत. तळव्यावर किल्लीने रेघ ओढली आणि अंगठा वर गेला, तर मज्जारज्जूकडे किंवा मेंदूकडे बघा. हे बाबिन्स्की नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९६मध्ये सांगितलं आणि आजही त्याला किल्लीशिवाय काही लागत नाही. ‘कशाचा’ हे मात्र वेळेत वाचायचं असतं. क्षणात आलं तर रक्तवाहिनी. काही दिवसांत चढलं तर सूज किंवा प्रतिकारशक्तीचा गोंधळ. महिन्यांत वाढलं तर जीवनसत्त्व, विष, गाठ. वर्षानुवर्षं सरपटत आलं तर आनुवंशिक किंवा झिजेचं. म्हणजे तारीख हीच तपासणी आहे. आणि तारीख रुग्णाकडे असते, यंत्राकडे नसते. ‘‘पोळ्याच्या आधी की नंतर?’’ ‘‘सोयाबीन काढलं तेव्हा तुम्ही स्वतः काढलं का?’’ असं विचारलं की आपला माणूस बिनचूक सांगतो. इंग्रजी महिन्यात विचारलं की गोंधळतो, आणि आपण लिहून मोकळे होतो: हिस्टरी अनरिलायबल.

ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या टेबलावर ट्यूनिंग फोर्क असायचा, शाळेत आपण ज्याला नादकाटा म्हणायचो तो. पायाच्या अंगठ्यावर ठेवून विचारायचे, ‘‘गुणगुणतंय का?’’ हे गुणगुणणं आधी जातं, मुंग्या नंतर येतात, आणि मग तोल. ब-बाराची कमतरता अशीच पकडतात. माळकरी घर, गाय विकलेली, चहापुरतं दूध, आणि वर मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी, जी ब-बाराचं शोषण आणखी कमी करते. असा माणूस सांगतो, सकाळी तोंड धुताना डोळे मिटले की पडल्यासारखं होतं. पाय कुठे आहेत हे आता त्याला डोळ्यांनीच कळतं, म्हणून डोळे मिटले की पाय हरवतात. हे ओळखायला एमआरआय लागत नाही. वेळेत ओळखलं तर स्वस्त इंजेक्शनांनी माणूस सावरतो. वर्षभर उशीर झाला तर काठी कायमची.

दुसरं उदाहरण कुष्ठरोगाचं. तपोवन आणि आनंदवन ज्या विदर्भात उभं राहिलं, तिथे हे सांगावं लागू नये. पण कागदोपत्री रोग संपल्यापासून तरुण डॉक्टर कोपरामागची नस चाचपायला विसरले आहेत. भाकरी करताना चटका बसला आणि कळलंच नाही, असं बाई म्हणाली की पहिल्यांदा कोपरामागे हात गेला पाहिजे. नस दोरीसारखी जाड लागली की निदान हातात आलं. औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. मी अशा बाया पाहिल्या आहेत ज्यांच्या पिशवीत मानेचे दोन-दोन एमआरआय होते आणि कोपराला कोणी हात लावला नव्हता.

तिसरं थोडं वेगळं. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजारात स्नायू वापरले की थकतात. पापणी संध्याकाळी पडते, चावता चावता जबडा थांबतो, बोलता बोलता आवाज नाकात जातो. रात्रीची झोप झाली की सकाळी माणूस ताजा. आता सरकारी ओपीडी कधी असते? सकाळी. हा रुग्ण पहिल्या एसटीने येतो, रांगेत नंबर लावतो, आणि डॉक्टरसमोर उभा राहतो तेव्हा त्याला काहीच झालेलं नसतं. डॉक्टर त्याच्याकडे पाहतो, घरचे त्याच्याकडे पाहतात, आणि परतीच्या गाडीत तोच स्वतःवर संशय घेऊ लागतो. १९३४मध्ये लंडनमधल्या ग्रीनिचच्या एका साध्या रुग्णालयात मेरी वॉकर या डॉक्टरणीने या आजारावर एक इंजेक्शन देऊन पाहिलं आणि पडलेली पापणी थोड्या वेळात उचलली गेली. तेव्हापासून हा बरा ठेवता येणारा आजार आहे. अट एकच, कोणीतरी त्या माणसाला दुपारी चारला पाहावं लागतं.

इथे मला त्या शब्दाकडे यायचं आहे जो आपल्याकडे रिपोर्ट नॉर्मल आला की लगेच येतो: टेन्शन. ‘‘टेन्शन घेऊ नका, तुम्हाला काही झालेलं नाही.’’ सांगणाऱ्याला वाटतं आपण धीर दिला. ऐकणाऱ्या बाईला कळतं की आता घरात आपलं कोणी ऐकणार नाही. सासू म्हणते, मी म्हटलंच होतं. यात वैद्यकीय चूक अशी की मन आणि मज्जा यांच्यात अशी वाटणी नसते. रचना शाबूत आणि कामकाज बिघडलेलं, असा मज्जासंस्थेचा आजार असतो. त्याला फंक्शनल म्हणतात. तो खोटा नसतो, नाटक तर नसतोच. आणि तो रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून ठरवायचा नसतो, त्याची स्वतःची खूण दाखवून ठरवायचा असतो. हूवर नावाच्या अमेरिकी डॉक्टरने १९०८मध्ये अशी खूण दाखवली. लुळा पाय खाली दाबायला सांगितला तर दाबला जात नाही. पण चांगला पाय वर उचलायला सांगितला की तोच लुळा पाय आपोआप खाली जोर लावतो. रुग्णाला आणि नातेवाइकांना ते दाखवायचं, सांगायचं की तार तुटलेली नाही, जोडता येते. मग व्यायाम, आणि वेळ. यात ‘काही झालेलं नाही’ हे वाक्य कुठेच बसत नाही.

टेन्शनच्या पलीकडे आपल्या जिल्ह्यात आणखी एक शब्द आहे, बाहेरचं. पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीला तिथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, आणि ज्यांना भूतबाधा झाली असं घरचे मानतात त्यांना राज्यभरातून, राज्याबाहेरूनही तिथे आणलं जातं. मी सैलानीची टिंगल करायला उभा नाही. तिथे येणारा बाप मूर्ख नसतो. तो आधी तीन दवाखाने फिरलेला असतो, आणि तिन्ही ठिकाणी त्याला कोणी पाच मिनिटं बसवून ऐकलेलं नसतं. दर्ग्याच्या आवारात निदान पोरीला काहीतरी झालं आहे हे सगळे मान्य करतात. पण आमच्या शास्त्राने गेल्या वीस वर्षांत काय शोधलं ते त्या बापापर्यंत पोचलं पाहिजे. २००७मध्ये जोसेप डालमाऊ आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या सुजेचा एक प्रकार वर्णन केला. त्यात शरीराचीच प्रतिपिंडं मेंदूतल्या एनएमडीए नावाच्या ग्राहकांवर चालून जातात. रुग्ण बहुधा तरुण मुली. आधी झोप उडते, मग असंबद्ध बोलणं, भीती, आरडाओरड, तोंडाच्या विचित्र हालचाली, मग झटके. अनेकींच्या अंडाशयात एक गाठ असते, ती काढली आणि प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं दिली की बहुतेक जणी सुधारतात. हे वर्णन तुम्ही कोणत्याही यात्रेत सांगून बघा, लोक म्हणतील, ही तर लागिराची पोरगी. २००७च्या आधी जगातल्या मोठ्या रुग्णालयांतही अशा मुली वेड्यांच्या वॉर्डात जात होत्या.

म्हणून माझं सैलानीला जाणाऱ्या घरांना एवढंच सांगणं असतं: जायचं तर जा, पण साखळी नको, मार नको आणि चालू गोळी बंद नको. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधण्यावर बंदी आहे. भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणं आपल्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि आकडी येताना कांदा-चप्पल हुंगवत बसण्यापेक्षा माणसाला कुशीवर वळवा, आणि एकाने मोबाइलवर व्हिडिओ काढा. मुंग्यांचा फोटो निघत नाही, पण झटक्याचा व्हिडिओ निघतो, आणि तो डॉक्टरला शंभर प्रश्नांची उत्तरं देतो. दवाखान्यात कधी आकडी येत नाही, ती घरीच येते. फिटच्या रुग्णाचा नातेवाईक हा आमचा अर्धा डोळा आहे.

आता पुन्हा बोंडगावकडे. केसांच्या बाबतीत एक गोष्ट आपोआप झाली जी मुंग्यांच्या बाबतीत होत नाही: शेजारी मोजले गेले. एका घरात टक्कल पडलं ते शेजाऱ्याला दिसलं, शेजाऱ्याचं सरपंचाला. पण अमक्याच्या पायात मुंग्या आहेत हे भिंतीपलीकडे कळत नाही. प्रत्येकाला वाटतं, हे फक्त मला. मज्जेच्या आजारांचा इतिहास पाहा, मोठे शोध कोणीतरी शेजारी मोजले म्हणून लागलेले आहेत. लाखेची डाळ घ्या, पूर्व विदर्भात जिला लाखोळी म्हणतात ती. १८२९ ते १८३३ या काळात सागर भागात गहू वारंवार बुडाला, लाख मात्र तगली, लोकांनी तीच खाल्ली, आणि तरुण माणसांचे पाय आखडून कात्रीसारखे एकमेकांवर जाऊ लागले. स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ते टिपून ठेवलं, हो, ठगांचा बंदोबस्त करणारा तोच स्लीमन. तो डॉक्टर नव्हता. त्याने फक्त कोण काय खात होतं आणि कोणाचे पाय गेले हे जोडून पाहिलं. त्या डाळीतलं विष रसायन म्हणून वेगळं ओळखलं गेलं १९६४मध्ये, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत. मधल्या एकशे तीस वर्षांत पायांनी कात्री धरलेल्या किती माणसांना वात म्हणून तेल चोळलं गेलं असेल, देव जाणे.

अलीकडचं घ्या. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे मजूर अंधुक दिसतंय, हात थरथरतात, उलट्या होतात म्हणून दवाखान्यात येऊ लागले. वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दाखल झाली. कपाशी वाढलेली, माणसाच्या डोक्याइतकी उंच, त्यामुळे फवारा खाली न जाता तोंडावर, पंप जोराचे, औषधांची भेसळ-मिसळ शेतातच. ही साथ तेव्हा दिसली कारण मृत्यू झाले. पण सेंद्रिय फॉस्फरसच्या काही कीटकनाशकांचा एक उशिराचा परिणाम आहे. विषबाधेतून माणूस बरा होऊन घरी जातो, आणि दोन-तीन आठवड्यांनी पायांत मुंग्या सुरू होऊन पावलं लुळी पडतात. तेव्हा फवारणी संपलेली असते, कापूस वेचणी चालू असते, आणि पायाचा त्या पंपाशी संबंध कोणी लावत नाही. आपल्या जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली दोन्हीकडे कापूस आहे, सोयाबीन आहे. दिवाळीच्या आसपास पाय लुळे पडलेल्या माणसाला ‘‘भादव्यात फवारलं होतं का?’’ हे विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि २०२५च्याच जानेवारीत, आपण केस मोजत होतो तेव्हा, पुण्यात सिंहगड रस्त्यालगत धायरी, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात लोकांचे पाय खालून वर लुळे पडत चालले होते. गिलियन-बारे सिंड्रोम. जुलाब होतात, आठ-दहा दिवसांनी पाय जड, मग हात, मग काहींचा श्वास. एरवी हा आजार वर्षाला लाखात एखाद-दोन माणसांना होतो. त्या महिन्या-दीड महिन्यात पुणे परिसरात दोनशेवर रुग्ण झाले. काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आणि नोरो विषाणू सापडले, बोट पाण्याकडे वळलं. पुण्यात साथ लवकर ध्यानात आली, कारण मज्जासंस्थेचे डॉक्टर एकमेकांच्या फोनच्या अंतरावर होते आणि एकाच आठवड्यात इतके रुग्ण कसे, हे त्यांना खटकलं. आपल्या संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावात असाच एक माणूस झाला असता तर त्याचा कागद ‘लकवा’ म्हणून फाइलला लागला असता. दोन गावं सोडून आणखी एक झाला असता तर तो दुसऱ्या फाइलला.

बावसकरांचं मोठेपण मला इथे दिसतं. ते आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले. कोकणात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले, तेव्हा विंचू चावून चांगली धडधाकट माणसं मरत होती. लाल विंचवाचं विष शरीराच्या स्वायत्त मज्जासंस्थेत वादळ उठवतं, हृदय कोलमडतं, फुप्फुसांत पाणी भरतं. गाव म्हणायचं, विंचू उतरला नाही. पुस्तकात नीट काही लिहिलेलं नव्हतं. या माणसाने रात्र-रात्र खाटेशेजारी बसून घाम कधी आला, नाडी किती, रक्तदाब कधी चढला, कधी पडला हे वेळ घालून लिहिलं. १९८२मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे प्राझोसिन या साध्या गोळीने मृत्यूचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या घरातून एक टक्क्याच्या आसपास आलं. प्रयोगशाळा नव्हती, एमआरआय नव्हता. कारण माहीत नसताना त्यांनी त्या वहीत खोटं कारण भरलं नाही, जागा मोकळी ठेवली, आणि पुढच्या विंचूदंशाला पुन्हा वही उघडली. तीच सवय चाळीस वर्षांनी बोंडगावच्या गव्हापर्यंत आली.

आता सर्वांत अवघड प्रश्न. सगळं करूनही कारण सापडत नाही, असे रुग्ण राहतातच. जगातल्या उत्तम रुग्णालयांतही राहतात. त्यांच्याशी कसं वागायचं? माझं म्हणणं असं की केसपेपरवर ‘कारण अद्याप अज्ञात’ असं लिहायला डॉक्टरने लाजू नये, आणि त्याखाली पुन्हा कधी पाहायचं ती तारीख लिहावी. आपण काय करतो? कारण सापडलं नाही की जागा रिकामी दिसू नये म्हणून तिथे काहीतरी टाकतो: स्पॉन्डिलायटिस, टेन्शन, वात, बाहेरचं. एकदा तो शिक्का पडला की पुढचा डॉक्टर तोच वाचतो आणि शोध थांबतो. एनएमडीएची प्रतिपिंडं २००७ला सापडली. त्याआधी ज्यांच्या कागदावर कोणी ‘अज्ञात’ लिहून ठेवलं होतं, त्यांच्यासाठीच ती पुढे उपयोगी पडली. ज्यांच्या कागदावर शिक्का होता त्यांना कोणी परत बोलावलंच नाही. मज्जेच्या आजारात बऱ्याचदा वेळच निदान करते. सहा महिन्यांनी दुसरं लक्षण येतं आणि पहिल्याचा अर्थ लागतो. पण त्या सहा महिन्यांनी रुग्ण त्याच दारात आला पाहिजे.

रुग्णांनाही दोन शब्द. पिशवी नीट लावा, तारखेप्रमाणे. सगळ्यांत वर एका कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहा: पहिल्यांदा काय झालं, कोणत्या सणाच्या आसपास, मग काय, काय केल्याने वाढतं, काय केल्याने कमी होतं, घरात-शेजारी आणखी कोणाला आहे का, शेतात काय फवारलं, धान्य कुठून आलं. शाळेतली नात लिहून देईल. तो एक कागद घेऊन आलेला रुग्ण मी कधी पाच मिनिटांत उठवू शकलेलो नाही. आणि एका डॉक्टरकडे टिका. दर महिन्याला नवा डॉक्टर म्हणजे दर महिन्याला आजाराचा पहिला दिवस.

शेवटचा मुद्दा जिल्ह्याचा. २०२४मध्ये बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. पहिल्या तुकडीच्या मुलांनी शवविच्छेदनाच्या टेबलाशी नसा शोधल्या असतील. मज्जासंस्थेचा तज्ज्ञ इथे कायमचा कधी येईल ते मला माहीत नाही, आणि तो येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. माझी मागणी छोटी आहे, अधिष्ठाता सभागृहात असतील तर त्यांनी टिपून घ्यावी. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एक नोंदवही असावी: मुंग्या, बधिरपणा, लुळेपणा, आकडी. नाव, गाव, सुरू झाल्याचा महिना, एवढंच. आशाताईंनी घरोघर जाताना तापाबरोबर हेही विचारावं. महिन्यातून एकदा महाविद्यालयातल्या कोणीतरी सगळ्या वह्या शेजारी शेजारी ठेवून गावांची नावं पाहावीत. आणि महिन्यातून एक ओपीडी दुपारी चार ते सात ठेवावी. खर्च येईल तो वह्यांचा, हातोड्यांचा आणि नादकाट्यांचा. पहिल्या शंभर वह्यांचे पैसे मी आजच संयोजकांकडे देऊन जातो. आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांना शेवटची एसटी गाठायची आहे त्यांनी आधी विचारावं.